जंगलाच्या जिल्ह्यातली रेषा

व्यंगचित्रकार म्हटला की तो मुंबई-पुण्याचाच, असं आपण धरून चालतो. छापखाने तिथं, दिवाळी अंकही तिथलेच. पण प्रा. मनोहर सप्रे यांनी चंद्रपुरात राहून रेषा चालवली. बांबूपासून कागद करणारी गिरणी शेजारी बल्लारपुरात. चित्र मात्र छापायला टपालानं दूर धाडायचं!

नोकरी नसलेल्या व्यंगचित्रकाराचा हंगाम शेतकऱ्यासारखाच, पावसाळ्यातला. दिवाळी अंकांची मागणी तेव्हाच येते. मानधन अंक निघाल्यावर, कधी त्याहूनही उशिरा. चित्र मोठं काढावं लागतं. छापताना ते लहान होतं आणि फार बारीक रेषा असेल तर तुटते. राजकारणावरचं चित्र टपालात शिळं होई. म्हणून लांबच्या चित्रकाराला माणसाच्या स्वभावावरचा विनोद बरा, तो टिकतो. आता चित्र ई-मेलनं क्षणात पोचतं. मानधनाची वाट पूर्वीइतकीच लांब.

सप्रे यांचा दुसरा नाद लाकडाचा. वाळकी मुळं, ओंडके घेऊन त्यात दडलेला आकार ते मोकळा करत. मला ही दोन कामं वेगळी वाटत नाहीत. अर्कचित्रातही चेहऱ्यात आहे तेच वर काढायचं. बाहेरून चिकटवलं की चेहरा नुसता विद्रूप होतो. शिवाय लाकडाला संपादकानं दिलेली तारीख नसते, ही सोय वेगळीच.