दाहक दंशाची लाल मुंगी : ओळख व बंदोबस्त

अंगणात खेळणाऱ्या मुलाच्या पायाला लाल मुंग्या डसल्या की घरातील माणसे हाती येईल ती भुकटी जोत्याभोवती टाकून मोकळी होतात. काही दिवस मुंग्या दिसेनाशा होतात, पुढे पुन्हा येतात. भुकटीचा अंश मात्र मूल जेथे खेळते त्याच मातीत राहतो.

केवळ लाल रंगावरून ही मुंगी ओळखता येत नाही. कोकणात आंब्या-काजूवर पाने जोडून घरटे करणारी ओंबील तांबूसच असते. ती कडकडून चावते, परंतु नांगी मारीत नाही. शिवाय काजूवरील ढेकण्यासारख्या किडी खाऊन ती बागाइतदाराचे कामच करते. तिला मारू नये. दाहक दंश करणारी मुंगी जमिनीत राहते. शास्त्रज्ञ तिला सोलेनॉप्सिस जेमिनाटा म्हणतात. जोत्याच्या कडेला, वाफ्यात वा झाडाच्या बुंध्याशी भुसभुशीत मातीचा ढीग व त्यात अनेक छिद्रे दिसतात. एकाच वारुळात लहानमोठ्या मुंग्या असतात. मोठ्यांचे डोके शरीराच्या मानाने फारच मोठे व चौकोनी असते. ढीग काठीने हलविताच मुंग्या झुंडीने काठीवर चढू लागतात. ही मुंगी जबड्याने कातडी धरते आणि पोटाच्या टोकाची नांगी पुनःपुन्हा खुपसते.

ती मूळची उष्ण कटिबंधीय अमेरिकेतील होय. सोळाव्या शतकात आकापुल्को ते मनिला अशी ये-जा करणाऱ्या स्पॅनिश गलबतांतून ती आशियात पोहोचली, असे जनुकीय अभ्यासावरून दिसते.

बाहेर फिरणाऱ्या मुंग्या म्हणजे वारुळाचा एक अंश होय. अंडी घालणारी राणी खोल असते. अमेरिकेच्या दक्षिण भागात याच कुळातील दुसऱ्या मुंगीविरुद्ध १९५७ साली हेप्टाक्लोर व डिल्ड्रीन या विषांच्या विमानातून फवारणीची मोहीम हाती घेण्यात आली. पक्षी व पशू दगावले, मुंगी मात्र टिकली. पुढे आमिषाचा मार्ग अधिक उपयुक्त ठरला. सावकाश परिणाम करणारे विष खाद्यात मिसळले, की कामकरी मुंग्याच ते राणीपर्यंत पोहोचवितात.

घरगुती आमिषासाठी १०० मिलिलिटर पाण्यात १० ग्रॅम साखर व १ ग्रॅम बोरिक पावडर विरघळवावी. द्रावणात कापूस भिजवून तो छिद्रे पाडलेल्या बंद डबीत, मुले व जनावरे यांच्या आवाक्याबाहेर, मुंग्यांच्या वाटेवर ठेवावा. द्रावण अधिक तीव्र केल्यास मुंग्या वाटेतच मरतात आणि सारा खटाटोप फुकट जातो. या काळात जवळपास फवारणी करू नये. परिणामास काही आठवडे लागतात. एकटे-दुकटे वारूळ सकाळी उकळते पाणी ओतूनही मोडता येते. मात्र ते बहुधा पुन्हा ओतावे लागते आणि जवळच्या रोपांची मुळे भाजतात. रॉकेल वा पेट्रोल कदापि ओतू नये. बीएचसी भुकटीवर १९९७ पासून देशात बंदी आहे. शाळेच्या वा ग्रामपंचायतीच्या कोठीत जुना साठा असल्यास तो वापरू नये किंवा उघड्यावर फेकू नये, कृषी अधिकाऱ्यांच्या निदर्शनास आणावा.

दंश झाल्यास मुंग्या हाताने झटकून काढाव्यात, कारण नुसते पाणी ओतल्याने त्या सुटत नाहीत. मग जागा साबणाने धुऊन थंड पाण्याची पट्टी ठेवावी. खाजवू नये. चेहरा वा जीभ सुजली, धाप लागली किंवा भोवळ आली, तर घरगुती उपायात वेळ न दवडता रुग्णास तत्काळ प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे.