जगलेल्या कलमांचा हिशेब

आमच्या रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि मे महिन्यात काजूचं कलम पाण्यावाचून मरतं. कातळावर पाणी ठरत नाही.

1990 साली फळबाग लागवड रोजगार हमीला जोडली गेली आणि कोकणच्या वरकस जमिनींवर आंबा-काजू उभे राहिले. 2018 साली भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना आली. तिच्यात अनुदान तीन वर्षांत 50, 30 आणि 20 टक्के असं विभागलं. लागवड झाली की पहिला हप्ता. पुढचे दोन जिवंत कलमं मोजून. नियम मला पटतो, जरी मी त्यातच बुडालो. अब्बांच्या कातळावर वेंगुर्ला-4 लावली, पहिला हप्ता घेतला आणि एप्रिलात भाचीच्या लग्नाला महिनाभर मुंबईला गेलो. परतलो तर निम्म्या नुसत्या काड्या! अम्मी म्हणाली, "कविता लावायची होतीस."

दापोलीच्या कृषी विद्यापीठाने अशा जागेसाठी जलकुंड सुचवलं आहे. बागेतच खड्डा खणायचा, आत प्लास्टिकचं अस्तर घालायचं, पावसाचं पाणी भरून वरून झाकायचं. उन्हाळ्यात तेच तांब्या-तांब्याने कलमांना द्यायचं. बुंध्याशी पातेरा, उन्हाच्या बाजूला झाप. तेव्हा सहायक कृषी अधिकाऱ्याकडे गेलात की अनुदान किती हे मागाहून विचारा, मे महिन्यातल्या पाण्याचं आधी.

मी दुसऱ्या खेपेला कुंड आधी खणलं, कलमं नंतर आणली.