फडावरून आलेलं पोरगं शाळेला नको म्हणतंय? रागवण्याआधी हे वाचा

बीड : जूनच्या मध्याला शाळेची घंटा वाजली. शिवारात पेरणीची घाई आणि घरात रोजची एकच कटकट, "पोटात दुखतंय, आज शाळेत जात नाही." ऊसतोडीवरून परतलेल्या घरांत हे जास्त ऐकायला मिळतं. नाटक करतंय म्हणून पाठीत धपाटाही बसतो. पण हे दुखणं खरं असू शकतं आणि त्याचं मूळ मनात असू शकतं.

नेमकं काय होतं?

दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात आणि मार्च-एप्रिलला परततात. सोबत नेलेल्या पोराची पाच-सहा महिन्यांची शाळा बुडते. तिकडं ते कोपीवर लहान भावंडं सांभाळतं. गावात आल्यावर बरोबरीच्या पोरांना भागाकार येतो, याला येत नाही. वाचायला उभं केलं की वर्ग हसतो. ही लाज ते घरी बोलत नाही, पोट दुखतं म्हणून सांगतं.

आजीपाशी राहिलेल्या पोराची भीती वेगळी. आई-बाप आत्ताच आलेत, आपण शाळेत गेलो की परत निघून जातील, ही धास्ती.

भीतीनं पोटात खरोखर मुरडा येतो, डोकं दुखतं, मळमळतं. शाळेच्या दिवशी सकाळी दुखतं, शाळा टळली की थांबतं आणि रविवारी काहीच नसतं, ही त्याची खूण. ताप, उलट्या, जुलाब असतील तर मात्र आधी दवाखाना.

घरी काय करावे?

- "का जात नाहीस?" असं दरडावू नका. "शाळेत कोणत्या वेळेला नको वाटतं?" असं विचारा.
- शक्यतो घरी ठेवू नका. एक दिवस चुकला की दुसऱ्या दिवशी जाणं आणखी जड जातं. पहिले आठ दिवस आजोबा, चुलता किंवा शेजारच्या पोरांसोबत पाठवा.
- दुसऱ्या पोरांशी तुलना नको.
- रात्री १० मिनिटं मोबाईल बाजूला ठेवून त्याचं ऐकून घ्या.

शाळेत काय बोलावे?

किती महिने बुडाले ते गुरुजींना, बाईंना स्पष्ट सांगा. सगळ्यांपुढे वाचायला लावू नका, अशी विनंती करा. शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला वयाप्रमाणे वर्गात बसण्याचा आणि मागे पडलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षण मिळण्याचा हक्क आहे. याच कायद्याच्या कलम १७ नं मारहाणीला आणि मानसिक छळाला बंदी आहे.

मदत कधी घ्यावी?

दोन-तीन आठवड्यांनंतरही पोर जेवत नाही, झोपत नाही, पुन्हा अंथरूण ओलं करतंय, तर थांबू नका. सरकारच्या टेली मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, २४ तास चालतो, मराठीत बोलता येतं. मरणाची भाषा आली तर त्याच दिवशी फोन करा, पोराला एकटं सोडू नका. मुलांवरील छळ किंवा बालविवाहाच्या तक्रारीसाठी १०९८.

आणि मुकादमाची उचल घेतानाच पुढच्या हंगामात पोर कुठं राहणार ते ठरवा. गावात हंगामी वसतिगृह सुरू होणार का, याची शाळेत चौकशी करा. सोबत न्यायचंच असेल तर निघण्याआधी शिक्षण हमी कार्ड मागून घ्या. ते दाखवून तिकडच्या शाळेत बसवता येतं. वर्ष तुटलं नाही तर पुढच्या जूनला पोट दुखण्याचं कारणही कमी राहील.