जांघेतली कळ, बधिरपणा आणि सायकलची सीट

२०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब सायकलफेरीला, साडेतेरा तासांची मुदत असते. वाटेत चहाला थांबलेले रायडर गुडघ्यांबद्दल बोलतात, मानेबद्दल बोलतात, टायरमधल्या हवेपासून घाटातल्या वाऱ्यापर्यंत सगळ्याची चर्चा होते. सीटवर बसून बसून जांघेत कळ येते, खालच्या भागाला काही जाणवेनासं होतं, हे मात्र कुणी उघड बोलत नाही. फार तर एखादा बाजूला घेऊन विचारतो, ‘तुला पण खाली बधिर होतं का रे?’ आणि उत्तर येतं, ‘सगळ्यांनाच होतं.’

२०१५ साली नाशिकच्या डॉक्टर महाजन बंधूंनी ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ही सायकल शर्यत जोडीने पूर्ण केली. लांब पल्ल्याच्या सायकलिंगची हौस त्याच सुमारास आपल्याकडे चांगली रुजत होती. अंतरं वाढली, सीटवरचे तास वाढले, पण या दुखण्याबद्दलचं बोलणं त्या प्रमाणात वाढलं नाही. त्यामुळे ऐकीव सल्ले फिरत राहतात, आणि त्यातले बरेच सल्ले दुखणं वाढवणारे असतात.

‘सुरुवातीला होणारच, सवय झाली की जातं’

इथे दोन वेगळ्या तक्रारींची गल्लत होते. नवीन रायडरचं बूड दुखतं. हे दुखणं बैठकीच्या दोन हाडांवर, म्हणजे कडक बाकावर बसल्यावर टोचतात त्या जागी असतं. काही आठवड्यांत ते बहुतेकांचं कमी होतं. याला सवय म्हणता येईल.

बधिरपणाचं तसं नाही. जननेंद्रिय आणि गुदद्वार यांच्यामधल्या मऊ भागाला खालून हाडाचा आधार नाही. प्युडेंडल नावाचा मज्जातंतू कण्याच्या तळाशी असलेल्या त्रिकास्थीतून निघतो, बैठकीच्या हाडाच्या आतल्या बाजूने एका अरुंद बोगद्यातून पुढे येतो आणि या सगळ्या भागाला संवेदना पुरवतो. लघवी आणि शौच रोखून धरणाऱ्या स्नायूंनाही तोच चालवतो. बेंजामिन अल्कॉक या आयरिश शरीररचनातज्ज्ञाने १८३६ साली या बोगद्याचं वर्णन केलं, म्हणून तो आजही अल्कॉकच्या नावाने ओळखला जातो. मज्जातंतूला लागूनच रक्तवाहिन्या जातात. आपण हँडलवर ओणवे होतो तेव्हा ओटीपोटाचा सांगाडा पुढे कलतो, बैठकीची हाडं सीटवरून सुटतात आणि वजन सीटच्या पुढच्या टोकावर, म्हणजे नेमकं त्या मऊ भागावर येतं. मांडी घालून फार वेळ बसल्यावर पायाला मुंग्या येतात, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की पायाला मुंग्या आल्या की आपण लगेच उठतो, आणि सीटवर मात्र ‘अजून तीस किलोमीटरच राहिलेत’ म्हणून तसेच बसून राहतो.

मज्जातंतूला दाबाची सवय लागत नाही. बधिरपणा सुरू झाला की तो त्याच मिनिटाला सीटवरून उठण्याचा इशारा समजावा. उतरावं, चालावं, सीटचं माप तपासावं. उतरल्यावर थोड्याच वेळात जाणीव पूर्ववत झाली तर काळजीचं फारसं कारण नाही. पण दुसऱ्या दिवशीही तो भाग सुन्न वाटत असेल, तर जाणीव पूर्ण परत येईपर्यंत सायकल बंद. या एका बाबतीत मी कुणाचीही ‘शर्यत जवळ आलीय’ ही सबब मानत नाही.

‘मऊ, जाड सीट घ्या, नाहीतर जेलचं कव्हर घाला’

दुकानात सर्रास मिळणारा आणि सर्वांत जास्त नुकसान करणारा सल्ला हाच असावा. जाड, मऊ गादीत बैठकीची हाडं रुततात. हाडं खाली गेली की मधली गादी वर फुगते आणि मऊ भागावरच दाबली जाते. जर्मनीतल्या डॉक्टरांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वेगवेगळ्या सीटवर बसलेल्या पुरुषांच्या लिंगातला प्राणवायूचा दाब मोजला होता. अरुंद आणि भरपूर गादीच्या सीटवर तो ८० टक्क्यांहून जास्त घसरला. रुंद, पुढे टोक नसलेल्या सीटवर घसरण साधारण २० टक्के होती. गादी नसलेल्या रुंद चामडी सीटचा आकडाही त्या गुबगुबीत अरुंद सीटपेक्षा बरा होता. म्हणजे आधी रुंदी बघायची, गादी मागाहून.

रुंदी घरी मोजता येते. नळ्यानळ्यांचा खोक्याचा पुठ्ठा घ्या, तो कडक स्टुलावर ठेवा आणि पातळ कपड्यांत त्यावर बसा. पाय थोडे उचलून, हँडल धरल्यासारखे पुढे वाका. मिनिटभराने उठलात की पुठ्ठ्यावर दोन खळगे दिसतील. नीट दिसत नसतील तर खडू आडवा धरून हलकेच घासा, खळगे कोरे राहतात. दोन्हींच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर पट्टीने मोजा. बहुतेकांत ते १० ते १५ सेंटिमीटरच्या दरम्यान भरतं. त्यात साधारण २ सेंटिमीटर मिळवले की सीटच्या रुंदीचा ढोबळ अंदाज येतो. वजन किंवा उंचीवरून हे माप ओळखता येत नाही. सडपातळ माणसाचीही हाडं एकमेकांपासून लांब असू शकतात.

मधे फट असलेल्या सीटचंही असंच आहे. फट अनेकांना मानवते. पण सीट मुळात अरुंद असेल तर फटीच्या दोन कडाच दोन्ही बाजूंनी रुततात. नाव आणि किंमत बघून सीट घेऊ नये. परत घेण्याची सोय असेल अशा दुकानातून आणून दोन-चार लांब फेऱ्या मारून बघावी.

‘सीट बदलली की झालं’

सीट बदलून निम्मं काम होतं. उरलेलं उंचीत, कलात आणि हँडलमध्ये असतं. सीट फार उंच असेल तर पेडल गाठायला कंबर डावी-उजवी डुलते आणि जांघ घासत राहते. ढोबळ तपासणी अशी: पेडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवा, गुडघा जेमतेम सरळ व्हायला हवा. सीटचं टोक वर उचललेलं असेल तर ते आधी समतल करा. एखाद-दोन अंश खाली झुकवल्यानेही अनेकांना आराम पडतो. जास्त झुकवलं तर माणूस पुढे घसरतो आणि सगळा भार हातांवर येतो.

२०१८ साली अमेरिकेतल्या मूत्रविकारतज्ज्ञांनी सायकलस्वारांची तुलना पोहणाऱ्या आणि धावणाऱ्या पुरुषांशी केली. त्यात दोन साध्या गोष्टी बधिरपणा कमी असण्याशी जोडलेल्या आढळल्या. एक, एकूण वेळेच्या २० टक्क्यांहून जास्त वेळ सीटवरून उठून पेडल मारणं. दुसरी, हँडल सीटच्या पातळीवर किंवा तिच्याहून वर असणं. दोन्हींना पैसा लागत नाही. घरात ट्रेनरवर (जागीच पेडल मारायच्या स्टँडवर) सायकल चालवणाऱ्यांनी तर मुद्दाम उठावं. रस्त्यावर चढ, सिग्नल, खड्डे आपल्याला आपोआप उठवतात. ट्रेनरवर माणूस तासभर एकाच जागी चिकटून बसतो.

कपड्यांकडेही बघावं. पॅडच्या शॉर्ट्सखाली अंडरवेअर घालायची नाही, हे अजूनही अनेकांना माहीत नसतं. शिवण आत रुतते, घाम साचतो, कातडी सोलवटते.

‘सायकलने पुरुषत्व जातं’

ही भीती कुठून आली ते पाहू. नॉर्वेत ट्रॉन्डहाइम ते ऑस्लो अशी ५४० किलोमीटरची शर्यत होते. तिच्यात भाग घेतलेल्या हौशी स्वारांचा अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. उत्तर देणाऱ्या १६० पुरुषांपैकी ३३ जणांना शर्यतीनंतर लिंगात बधिरपणा जाणवला, आणि २१ जणांना ताठरतेची अडचण आली. बहुतेकांची तक्रार ओसरली. महिन्याहून जास्त काळ अडचण राहिलेले तिघे होते. धोका खरा आहे, पण तो सलग, प्रचंड दाबाचा आहे. २०१८ च्या ज्या तुलनेचा वर उल्लेख केला, तिच्यात सायकलस्वारांचं लैंगिक आरोग्य इतर खेळाडूंहून वाईट आढळलं नाही, बधिरपणा मात्र जास्त आढळला.

मला सर्वांत आश्वासक वाटतो तो अमेरिकेतल्या सायकलवरून गस्त घालणाऱ्या पोलिसांवरचा २००८ चा अभ्यास. ९० पोलिसांना सहा महिने टोक नसलेली सीट दिली. मधल्या भागावरचा दाब दोन-तृतीयांशाने घटला. आधीच्या सहा महिन्यांत बधिरपणा अजिबात न जाणवलेल्यांचं प्रमाण २७ टक्के होतं, ते ८२ टक्क्यांवर गेलं. सायकल तीच, ड्यूटी तीच, बदलली फक्त सीट. अशी सीट पहिल्यांदा विचित्र वाटते, कारण टोकाचा उपयोग मांड्यांना सायकल सांभाळायला होतो. पण बरेच महिने त्रास असलेल्याने ती एकदा वापरून पाहावीच.

‘हा पुरुषांचा त्रास’

येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २००६ साली शर्यतीत उतरणाऱ्या महिला सायकलस्वारांची तुलना धावणाऱ्या महिलांशी केली, तेव्हा सायकलस्वारांमध्ये जननेंद्रियांची संवेदना कमी झालेली आढळली. हँडल सीटपेक्षा खाली असेल तर दाब वाढतो आणि संवेदना आणखी कमी होते, हेही पुढे तिथेच दिसलं. बायकांना बधिरपणाबरोबर सूज येते, एका बाजूला गाठीसारखा फुगवटा येतो, कातडी फाटते. आणि त्या गप्प बसतात, कारण ग्रुपमध्ये बहुतेक पुरुष आणि दुकानातही पुरुषच. मैत्रिणीशी, फिजिओथेरपिस्टशी, स्त्रीरोगतज्ज्ञाशी हे शब्द वापरूनच बोलायला हवं.

‘मूलबंध करा, केगेल करा’

प्युडेंडल मज्जातंतू दुखावलेल्या अनेकांत ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल नसतात, उलट आखडलेले असतात. मूलबंध किंवा केगेलसारखा, ते आणखी आवळायचा व्यायाम केला तर कळ वाढू शकते. अशा वेळी पोट फुगवत खोल श्वास घेऊन ते स्नायू सोडायला शिकावं लागतं, आणि ते या विषयातल्या फिजिओथेरपिस्टकडूनच शिकलेलं बरं. तपासणीशिवाय कुणालाही यातलं काही करायला सांगू नये, आसनांची कितीही माहिती असली तरी.

‘एमआरआय नॉर्मल आलाय, म्हणजे मनाचं आहे’

मज्जातंतूचं दुखणं बऱ्याचदा चित्रात दिसत नाही. ते ओळखायच्या खुणा बोलण्यातून कळतात. बसल्यावर वाढतं, उभं राहिल्यावर किंवा आडवं झाल्यावर कमी होतं. रात्री झोपेतून उठवत नाही. कमोडवर बसल्यावर मात्र बरं वाटतं, कारण तिथे मधल्या भागावर दाबच नसतो. या खुणा जुळल्या तर डॉक्टर मज्जातंतूजवळ भूल देऊन पडताळा घेतात. साध्या वेदनाशामक गोळ्या इथे फारशा लागू पडत नाहीत. मज्जातंतूच्या वेदनेवरची औषधं वेगळी असतात आणि ती डॉक्टरांनीच ठरवायची. ऑफिसात बसताना मधे पोकळी असलेली उशी घ्यावी आणि दर अर्ध्या तासाने उठावं. महिनोन्‌महिने कळ सोसणारा माणूस चिडचिडा होतो, जोडीदारापासून दूर राहतो. घरच्यांना कारण सांगितलं तर निदान गैरसमजाचा ताण तरी उतरतो.

उलट, जांघेतली प्रत्येक कळ सीटमुळेच असते असंही नाही. खोकल्यावर फुगवटा येत असेल तर हर्निया. पेडल वर येताना खुब्यात पुढून टोचत असेल तर खुब्याचा सांधा. चढावर जीव तोडून पेडल मारताना एकच मांडी भरून येते, शक्ती जाते आणि थांबल्यावर काही मिनिटांत ठीक होते, अशी तक्रार असेल तर पायाकडे जाणारी रक्तवाहिनी तपासून घ्यावी. वर्षानुवर्षं शर्यती केलेल्यांत ती आकसू शकते. कमरेतून जांघेत लाटेसारखी येणारी कळ मुतखड्याची असू शकते.

दोन प्रसंगांत वाट बघायची नाही. अंडकोषात अचानक असह्य वेदना उठली तर तो पिळला गेल्याची शक्यता असते, आणि सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर तो वाचण्याची आशा सर्वांत जास्त. आणि खालच्या बधिरपणाबरोबर लघवी अडली, शौचावरचा ताबा गेला किंवा पायांतली ताकद कमी झाली, तर कण्याच्या तळाशी मज्जातंतूंचा जुडगा दाबला गेलेला असू शकतो. तेव्हा सायकलचा विचार सोडून त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जायचं आणि पहिल्याच वाक्यात या खुणा सांगायच्या.