सरांना गणित येतं, मग मुलांना का येत नाही?

विषय पक्का असला की शिकवणं आपोआप जमतं, ही आपल्याकडची लाडकी समजूत. म्हणून माध्यमिक शाळेत शिक्षक घेताना पदवीचे गुण बघायचे, बीएड आहे ना विचारायचं, की झालं. समजूत अर्धीच खरी आहे.

नववीच्या वर्गात (अ + ब)² म्हणजे अ² + ब² असं लिहिणारी चार-सहा मुलं निघतातच. एखादे सर लाल फुली मारून सूत्र दहा वेळा लिहायला लावतात. एखाद्या बाई ७ सेंटिमीटर बाजूचा चौरस काढायला सांगतात आणि बाजू ३ आणि ४ अशी तोडायला लावतात. चौरसाचं क्षेत्रफळ ४९. मुलांच्या हिशेबाने ९ अधिक १६, म्हणजे २५. मग २४ गेले कुठे? तीन बाय चारचे दोन आयत वहीत समोरच असतात. '२अब' तिथे सापडतो. सूत्र दोघांनाही पाठ आहे. मूल नेमकं कुठे घसरणार, हे बाईंना आधीच ठाऊक असतं.

या ज्ञानाला अमेरिकेच्या ली शुलमन यांनी १९८६ मध्ये वेगळं नाव दिलं. आपल्या बीएडमधलं 'आशययुक्त अध्यापन' त्याच वाटेने जातं, बरेचदा परीक्षेपुरतंच! जर्मनीतल्या 'कोअ‍ॅक्टिव्ह' अभ्यासात दहावीच्या गणित शिक्षकांचं विषयज्ञान आणि विषय शिकवण्याचं ज्ञान वेगवेगळं तपासलं, विद्यार्थ्यांची वर्षभरातली प्रगतीही मोजली. प्रगतीशी जास्त घट्ट नातं निघालं ते दुसऱ्या ज्ञानाचं. याचा अर्थ विषय कच्चा असला तरी चालेल असा नाही. विषयच कच्चा असेल तर मुलाची चूक कुठून आली, हे ओळखणार कसं?

'टीईटी झालेत, म्हणजे दहावीलाही चालतील' असंही ऐकू येतं. ती परीक्षा पहिली ते आठवीच्या शिक्षकांसाठी आहे.

राहिला निकाल. शंभर टक्के लागला म्हणजे शिक्षक उत्तम? २०२१ मध्ये कोरोनामुळे दहावीची लेखी परीक्षाच झाली नाही, आणि राज्याचा निकाल लागला ९९.९५ टक्के. २०२३ मध्ये परीक्षा झाली, तेव्हा ९३.८३. शिकवणारे बहुतेक तेच. शिक्षकाचं काम जोखायचं तर मूल नववीत आलं तेव्हा कुठे होतं आणि दहावीअखेर कुठे पोचलं, ते बघायला हवं. टक्केवारी वाढवायला सोपे मार्ग आहेतच. काही शाळा कच्च्या मुलाला सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावतात; तो बाहेरून बसतो, शाळेचा निकाल चढतो, आणि वर्गातलं शिकवणं होतं तिथेच राहतं.