दुखणं मनाचं, पंचनामा बायण्याचा

14 जून 2004 रोजी, ऐन पावसात, गोव्याच्या मुरगाव तालुक्यातल्या बायणा किनाऱ्यावरची वेश्यावस्ती बुलडोझर लावून पाडली गेली. उच्च न्यायालयाच्या आदल्या वर्षीच्या निवाड्याची ती अंमलबजावणी होती. तोंडी भाषा पुनर्वसनाची होती. आंध्र-कर्नाटकातून आलेल्या बायका लॉजमध्ये, भाड्याच्या खोल्यांत पांगल्या. धंदा थांबला नाही, फक्त नजरेआड गेला आणि एड्स प्रतिबंधाचं काम करणाऱ्यांना त्यांच्यापर्यंत पोचणं अवघड झालं. अशा वेळी एक निष्कर्ष तयारच असतो: या बायकांनाच सुधारायचं नाही, त्यांची मानसिकताच तशी.

ही मानसिकता मोजून पाहिली गेली आहे. गोव्यातल्या 326 वेश्यांचा अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल संशोधकांपैकी एक. आधीच्या 3 महिन्यांत आत्महत्येचा प्रयत्न केलेल्यांचं प्रमाण 19 टक्के निघालं. हा आकडा पचवणं सोपं नाही. त्याच्याशी काय जोडलेलं आढळलं? जोडीदाराची मारहाण, इतरांकडून होणारी हिंसा, आपण अडकलो आहोत ही भावना. एड्स प्रतिबंधाच्या सेवेशी जिचा संबंध होता किंवा जिला मूल होतं, तिच्यात हे प्रयत्न कमी. एकदाच केलेल्या पाहणीतून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे खरं. खचलेलं मन हेही त्या यादीत होतंच, पण मारहाणीच्या शेजारी. नुसत्या स्वभावाकडे बोट दाखवून मोकळं होता येत नाही.

एल साल्वादोरमधले मानसशास्त्रज्ञ, जेझुइट धर्मगुरू इग्नासियो मार्तिन-बारो हेच सांगत होते. गरीब शेतकरी ‘नशिबात होतं’ म्हणतो तो आळशी असतो म्हणून नव्हे. धडपड करून काही बदलत नाही, हा त्याचा रोजचा अनुभव असतो. म्हणून मन बदलायचं तर तो अनुभवही बदलावा लागतो. लोकांचं खरं म्हणणं पुढे यावं म्हणून त्यांनी जनमत चाचण्या घेतल्या. 16 नोव्हेंबर 1989 रोजी लष्कराने त्यांना गोळ्या घातल्या. त्यांच्या या विचाराला मुक्तीचं मानसशास्त्र म्हणतात.

हे मानसशास्त्र की राजकारण, असा आक्षेप येतो. मारहाणीकडे डोळेझाक करून फक्त गोळ्या लिहून देणं हेही राजकारणच आहे, एवढंच त्यावर म्हणता येईल. दुसरा आक्षेप वजनदार आहे: आज रात्री जीव द्यायला निघालेल्या बाईने समाजव्यवस्था बदलेपर्यंत थांबायचं का? मुळीच नाही. गोव्यातच ‘संगत’ या संस्थेने साध्या, डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांकडून नैराश्यावर उपचार करून दाखवले आहेत. तो आधार हवाच. मात्र समुपदेशनाच्या खोलीतून ती परत त्याच मारकुट्या माणसाकडे आणि त्याच धंद्यात जाणार असेल, तर आधार तोकडा पडतो. तिसरं म्हणणं, काही जणी हा धंदा स्वतः निवडतात. असेलही; पण दुसरी वाट समोर असल्याशिवाय निवड खरी की नाइलाज, हे कळणार कसं?

बायण्यात काम करणाऱ्या ‘अर्ज’, म्हणजे ‘अन्यायरहित जिंदगी’, या संस्थेने ‘स्विफ्ट वॉश’ नावाची यांत्रिक लाँड्री काढली, ती याच कारणाने महत्त्वाची वाटते. महिन्याच्या महिन्याला पगार, कामाची ठरलेली वेळ, ओळख सांगताना धंद्याऐवजी लाँड्रीचं नाव: अडकलेपणावरचा इलाज असाही असतो. लाँड्रीत किती जणी मावणार, हा प्रश्न रास्त आहे. पण तो लाँड्रीवाल्यांना नव्हे, पुनर्वसनाचं नाव घेत खोल्या पाडणाऱ्यांना विचारायला हवा.