पहिले दूरनियंत्रित हेलिकॉप्टर कसे निवडावे?

१९७० च्या सुमारास जर्मनीतील अभियंते डीटर श्ल्यूटर ह्यांनी रेडिओ-लहरींनी नियंत्रित होणारे लहानसे हेलिकॉप्टर यशस्वीपणे उडवून दाखविले. आज तशी यंत्रे शाळकरी मुलांच्याही हाती आली आहेत. परंतु त्यांतले पहिले कोणते घ्यावे?

ह्या प्रश्नाचे उत्तर न्यूटनच्या तिसऱ्या नियमात आहे. पंखा एका दिशेने फिरू लागला की हेलिकॉप्टरचे धड उलट दिशेने फिरू पाहते. त्यास आवरण्याचे दोन मार्ग प्रचलित आहेत. एक, शेपटीवर लहान पंखा बसविणे; दुसरा, एकाच अक्षावर परस्परविरुद्ध दिशांनी फिरणारे दोन पंखे योजणे. दुसऱ्या प्रकारात दोन्ही पंख्यांचे पीळ परस्परांस निष्प्रभ करतात, आणि वरच्या पंख्यास जोडलेला वजनदार दांडा तोल सावरतो. नवशिक्याने हाच प्रकार घ्यावा. मात्र वाऱ्यापुढे त्याचे काही चालत नाही. म्हणून तो बंद दालनातच उडवावा.

पात्यांचा कोन बदलता येणारी यंत्रे उलटीही उडू शकतात. पण त्यांच्या वेगवान पात्यांनी गंभीर इजा होऊ शकते. ती अनुभवी हातांसाठीच होत.

हेलिकॉप्टरचे तोंड आपल्याकडे वळले की डावे-उजवे उलटे होते, आणि नवशिका येथेच फसतो. म्हणून शेपटी आपल्याकडे ठेवून, कमरेएवढ्या उंचीवर एका जागी तरंगण्याचा सराव आधी करावा.

विकत घेण्यापूर्वी सुटी पाती मिळतात की नाही, हे अवश्य विचारावे. पडल्यावाचून उडता येत नाही.